शेळ्यांमागची झोळी

मायाक्का सोलापुरात आली ती नातवाला बघायला, आणि आल्या दिवसापासून तिनं शहराला नावं ठेवायला सुरुवात केली. नळाचं पाणी तिला पाणी वाटेना. गिरणीच्या भोंग्याला ती रेडा म्हणायची. "रेडा वरडला, उटा," असं म्हणत पहाटे चुलीपुढं बसायची. चाळीतल्या खोल्या तिला खुराडी वाटत, आणि त्यांत राहणाऱ्या माणसांपेक्षा कोंबड्या बऱ्या, निदान अंडी तरी देतात, असं तिचं स्पष्ट मत होतं.

तिचा जन्म मैंदर्गीकडच्या माळावर मेंढरांमागं गेला होता. नवरा वारल्यावर कळप तिनं थोरल्या पोरांत वाटून दिला. धाकट्या बिरदेवाला हिंडण्याचा कंटाळा; तो गिरणीच्या लोहारखात्यात मिस्त्रीच्या हाताखाली लागला. त्याची बायको राजाबाई त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती. बाळंतपणासाठी ती घरी बसली, तोवर जागा राखून होती. आता खात्यातल्या बायांवर देखरेख करणाऱ्या नायकिणीचा निरोप आला, की येत्या सोमवारी आली नाहीस तर तुझ्या जागी दुसरी बसेल.

अडचण एकच होती. पोर दिवसा झोपत नव्हतं. मांडीवरून खाली ठेवलं की असं किंचाळायचं की पलीकडच्या ओळीतली माणसं बाहेर यायची.

चाळीत या दुखण्यावर एक उपाय ठरलेला होता. शेजारच्या खोलीतली शरणम्मा बायांची पोरं सांभाळायची. आया गिरणीत गेल्या की तिच्या ओसरीवर पोरं ओळीनं निजलेली असायची आणि त्यातलं एकही रडायचं नाही. तिच्या कनवटीला एक पितळी डबी असे. त्या डबीत काळ्या गोळ्या. सगळे तिला बाळगोळी म्हणत. अफू हा शब्द कुणी काढत नसे.

मायाक्का एकदा त्या ओसरीपुढं उभी राहिली. एका पोराच्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी बसली होती. तिथून ती ओठावर गेली, मग नाकपुडीशी गेली. पोर हाललं नाही. कोकरानं माशी झटकायचं सोडलं की धनगर त्याची आशा सोडतो. मायाक्का शरणम्माकडं वळली.

"ह्ये निजल्यालं न्हाय गं," ती म्हणाली. "ह्ये इझवल्यालं हाय."

शरणम्मा हसली. "अक्का, तुमी मेंढरं वाढवली. माणसाचं पोर येगळं असतंय की."

"व्हय, येगळं असतंय. मेंढराला आमी अफू चारत न्हाय."

नळावरच्या बाया हसल्या. शरणम्माला ते झोंबलं. "मग तुमचा नातू सोमवारी कसा निजतोय ते बघूच की आमीबी!"

"माज्या झोळीत निजंल. न्हाय निजला तर तुजी गोळी तू दे, आन् मी काळं तोंड घिऊन मैंदर्गीला जाईन."

शब्द तोंडातून गेला आणि साऱ्या चाळीनं ऐकला. आता माघार नव्हती.

पहिला प्रयत्न बिरदेवानं केला. त्यानं भंगारातून एक जाड स्प्रिंग आणली, लोखंडी पट्ट्यांची चौकट केली आणि तो पाळणा आढ्याच्या कडीला टांगला. लोहारखात्यातल्या माणसाला जेवढा आनंद होऊ शकतो तेवढा त्याला झाला होता.

"आये, शास्त्र हाय ह्यात. वजनानं खाली येतंय, स्प्रिंग वर वढती. आपोआप हालत ऱ्हातंय."

मायाक्कानं त्या यंत्राभोवती एक फेरी मारली. "आपोआप? मग आय कशाला पायजे? तिलाबी भंगारात घाल की."

पोराला आत ठेवलं. पाळणा वर गेला, खाली आला, चारदोनदा नाचला आणि थांबला. स्प्रिंग पुन्हा नाचवायची तर कुणीतरी दोरी ओढायला हवीच होती. शिवाय प्रत्येक हिसक्याला ती कुरकुरायची, आणि पोर डोळे टक्क उघडे ठेवून त्या कुरकुरीकडं बघायचं. बिरदेवानं तेल घातलं. तेलाचा थेंब पोराच्या पोटावर पडला.

"उतरीव," मायाक्का म्हणाली. "पिंजऱ्यात पोपट ठिवत्यात. आमच्यात पोरं जन्मत्यात."

मग राजाबाईनं आपलं जुनं लुगडं काढलं आणि आढ्याला झोळी बांधली. धुऊन धुऊन मऊ झालेलं, पण गिरणीचं कापड. मायाक्कानं ते बोटांत चुरगाळून उजेडात धरलं.

"आरपार दिसतंय की. ह्यात भाजी बांदली तर भाजीला लाज वाटंल."

"आत्या, निजवून तर बगा."

त्या झोळीत पोर धनुष्यासारखं वाकलं, गुडघे नाकाशी आले, आणि त्यानं जो सूर काढला त्यानं मायाक्काला मनातून बरंच वाटलं. आता तिची पाळी होती.

तिनं आपल्या गाठोड्यातून घोंगडं काढलं. स्वतःच्या मेंढरांची लोकर, काळीभोर, वापरून कडा गुळगुळीत झालेल्या. तिची सगळी पोरं याच घोंगड्याच्या झोळीत, तिच्या पाठीवर वाढली होती. थंडी, वारा, गारा, काही म्हणून आत शिरलं नव्हतं. तिनं ते आढ्याला असं बांधलं, की जणू देवाला पाळण्यात घालते आहे. शेजारची बिस्मिल्ला दारात उभी राहून बघत होती. मायाक्का तिला उद्देशून, पण शरणम्माला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्याला म्हंत्यात झोळी."

पोराला आत घातलं. दिवस उन्हाळ्याचे होते, खोलीवरचा पत्रा तापला होता. थोड्या वेळानं झोळीतून जे रडणं बाहेर आलं ते आधीच्या दोन्हींहून मोठं होतं. राजाबाईनं पोराला बाहेर काढलं. पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती आणि लोकरीनं अंग ओरबाडलं होतं.

दाराशी शरणम्मा येऊन उभीच होती. "अक्का, डबी हितंच ठेवून जाऊ का? सोमवार लांब न्हाई."

मायाक्का उठली. तिनं राजाबाईचं तेच भाजीच्याही लायकीचं नसलेलं लुगडं ओढलं, पोराला पाठीशी घट्ट आवळलं, छातीवर गाठ मारली, काठी घेतली आणि बाहेर पडली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. शरणम्माचे दात दिसू नयेत एवढंच हवं होतं.

ती ताडताड चालत राहिली. गिरण्यांच्या चिमण्यांना शिव्या घातल्या, धुराला घातल्या, टांगेवाल्याला घातल्या. एका दुकानाबाहेर टांगलेल्या रंगीत पाळण्याला तर न थांबताच घातल्या. शिव्यांच्या भरात ती पार रेल्वेच्या फाटकापाशी आली. फाटक बंद झालं. मायाक्का थांबली.

पाठीवर पोर किंचाळलं.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की चाळीपासून इथवर ते गप्प होतं. गाडी धडधडत गेली, फाटक उघडलं, ती रूळ ओलांडून पुढं निघाली. दहा पावलांत पोराची मान तिच्या पाठीवर कलंडली. ती मुद्दाम थांबली. पोर चुळबुळलं, कण्हलं. ती चालली. गप्प. पुन्हा थांबली, पुन्हा चालली. फाटकवाला तिच्याकडं बघत राहिला.

मायाक्का माळाच्या कडेला आली आणि तिला स्वतःचाच राग आला. घोंगडं! जन्मभर तिनं घोंगड्याला मान दिला होता. लेकीसुनांना सांगितलं होतं, लोकरीत पोर निजतं. पण ती पोरं लोकरीत निजलीच नव्हती. ती मेंढरांमागं चाललेल्या तिच्या पायांच्या चालीवर निजली होती. त्यांना घोंगडं काय, गोणपाट काय, सारखंच होतं. बसलेल्या म्हातारीच्या खोलीत टांगलेली कुठलीही झोळी म्हणजे नुसतं फडकं.

बरं, चालायला तिची ना नव्हती. पाय अजून शाबूत होते. पण कशामागं चालायचं? मेंढरांशिवाय दिवसभर उगाच हिंडणारी धनगरीण तिनं कधी पाहिली नव्हती. असं वेडे हिंडतात, नाहीतर भिकारी. शरणम्मानं तर हे साऱ्या चाळीला रंगवून सांगितलं असतं.

परत आली तेव्हा बिस्मिल्लाची शेळी भिंतीवरचा जाहिरातीचा कागद चघळत होती. चाळीत तीनचार घरांच्या अशा शेळ्या होत्या. मायाक्का त्यांना जनावर म्हणतच नसे. उकिरड्यावर वाढलेल्या, कागद खाणाऱ्या, माणसाचा धाक नसलेल्या. आणि बिस्मिल्ला रोज तेच रडगाणं गायची.

"चारनेकू कोन बी नई मावशी. पोरगा कामाला लागला, तवापासनं ही गल्लीतच फिरते. दूध बी आटलं."

मायाक्कानं शेळीकडं पाहिलं. शेळीनं चघळणं न थांबवता मायाक्काकडं पाहिलं. दोघींचं एकमेकींबद्दलचं मत सारखंच असावं.

"सोमवारी सोडून दे," मायाक्का म्हणाली.

"क्या बोलतीस, मावशी?"

"भैरी हायस काय? सोड म्हनलं. बाकीच्यांच्याबी सोडायला सांग. माजं तोंड काय बगतीस?"

सोमवारी रेडा ओरडला. राजाबाईनं पोराला पोटभर पाजलं आणि गिरणीच्या वाटेला लागली; कोपऱ्यावर वळेपर्यंत ती मागं बघत होती. मायाक्कानं लुगड्याची झोळी पाठीशी आवळली, शेळ्या हाकल्या आणि शरणम्माच्या दारावरूनच निघाली.

"अक्का! मेंढरांची मालकीण शेळ्या राखायला निघाली व्हय?"

"व्हय. तुज्या वसरीवर बसन्यापरीस बऱ्या."

रूळ ओलांडून ती माळाला लागली. शेळ्या म्हणजे शेळ्याच. मेंढरं कशी एकमेकांच्या सावलीनं चालतात. या चारी दिशांना पांगल्या. एक बाभळीवर चढली. मायाक्का त्यांच्यामागं धावत होती, वळवत होती, त्यांच्या आयांचा उद्धार करत होती, आणि पाठीवर पोर गाढ निजलं होतं.

ऊन चढलं. एक माशी तिच्या मानेवर बसली, तिथून उडून मागं गेली. मायाक्का चालता चालता श्वास धरून राहिली. पाठीवर काहीतरी हाललं. पोरानं झोपेतच नाक फेंदारून तोंड तिच्या खांद्यावर घासलं, चिडून, दोनदा. माशी भुणभुणत उडाली.

मायाक्कानं श्वास सोडला. समोर बिस्मिल्लाची शेळी रुळाकडून वाऱ्यावर आलेला कागद मटामटा खात होती.

"खा भवाने," मायाक्का म्हणाली आणि थुंकली. "पर चल."