चोवीस शब्द आणि माझे भाऊजी

विश्वास हा शब्द माझ्या थोरल्या भाऊजींनी उभ्या आयुष्यात फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला. स्वतः कधी वापरला नाही. रायपुरातल्या गुढियारीच्या मालधक्क्यावर तीस वर्षं ते रेल्वेच्या डब्यांची सीलं तपासत होते, आणि निवृत्त झाल्यावर बूढापाऱ्यातल्या घरी बसून उरलेलं जग तपासू लागले. गॅसचं सिलिंडर आलं की ते आधी त्यांच्या स्वतःच्या काट्यावर चढतं. लग्नाची पत्रिका आली की मुलीच्या बापाला फोन जातो, "छापणाऱ्यानं तारीख तर नाही ना चुकवली?" घराला कुलूप लावून ते इतक्या जोरात ओढून पाहतात की एकदा कुलूप शाबूत राहिलं आणि कडीच उखडून हातात आली. माझ्या ताईला पाहायला आले तेव्हा पोह्यांची बशी समोर आल्यावर त्यांनी आमच्या आईला विचारलं होतं, "मुलीनंच केले कशावरून?" आई संतापली, पण ताई उठली आणि त्यांना सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेली. अर्ध्या तासानं दोघं बाहेर आली तेव्हा भाऊजींचे डोळे लाल झाले होते. कांदा त्यांनीच चिरला होता. लग्न तिथंच ठरलं.

ताईला जाऊन आता चार वर्षं झाली. त्यांची एकुलती एक मुलगी, माझी भाची, रायपुरात हिंदी बोलत वाढली आणि आता जर्मनीत नोकरीला आहे. बाबांना शर्ट पाठवला की ते शिवण उसवून पाहतात, म्हणून ती दर वाढदिवसाला त्यांच्या नावावर थोडं थोडं बिटकॉइन घेऊन ठेवायची. ते सगळं मोबाइलच्या एका ॲपमध्ये पडून होतं. मागच्या वर्षी तसलंच दुसरं एक ॲप अचानक बंद पडलं, लोक हात चोळत बसले, आणि भाचीचा जीव धास्तावला. तिनं सांगितलं, पेनड्राइव्हसारखं एक यंत्र मिळतं, हार्डवेअर वॉलेट म्हणतात. त्यात ठेवलं की किल्ली आपल्याच हाती. यंत्र हरवलं तरी चालतं, कारण ते सुरुवातीलाच चोवीस इंग्रजी शब्द देतं, ते नव्या यंत्रात घातले की सगळं परत मिळतं. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचा सगळा माल.

मी उत्साहानं कामाला लागलो. एका वेबसाइटवर कुणी विक्रेता ते यंत्र स्वस्तात देत होता, ते मागवून घेतलं. भाऊजींनी डबा भिंगाखाली वीस मिनिटं फिरवला. सील चोख होतं. आत यंत्र, आणि सोबत एक सुबक कार्ड. कार्डावर चोवीसच्या चोवीस शब्द छापून तयार!

"वा!" मी म्हणालो, "लिहायचा त्रास वाचला."

भाऊजींनी भिंग खाली ठेवलं. "हे शब्द कोणाले ठाऊक आहेत?"

"कंपनीला असतील."

"म्हणजे माझ्या कुलपाची किल्ली मायाआधी दुसऱ्यापाशी? काहून?"

मी हसून व्हिडिओ कॉल लावला. कार्ड पाहताच भाचीचा चेहरा उतरला. "मामा, उसको हाथ भी मत लगाना!" शब्द यंत्रानं आपल्यासमोर, स्वतःच्या पडद्यावर द्यायचे असतात. हे कार्ड विकणाऱ्यानं आधीच भरून ठेवलं होतं. बाबांनी आपलं सारं त्यात टाकलं असतं की त्यानं तिकडे बसून उपसून नेलं असतं. सहा वाढदिवसांच्या भेटी माझ्या हौसेपायी गेल्या असत्या. मला वर बघवेना. भाऊजी मात्र एका शब्दानं रागावले नाहीत. म्हणाले, "सील शाबूत पाहून तू फसला. मालधक्क्यावर मी शाबूत सीलाच्या डब्यातून साखरेच्या जागी वाळू निघताना पाहिली आहे. चहा पी."

दुसरं यंत्र थेट बनवणाऱ्या कंपनीकडून आलं. भाऊजींनी भर दुपारी पडदे ओढले. माझा फोन पिठाच्या डब्यात गेला. "फोटो काढाची गोष्टच नाही," ते म्हणाले, "आन् तू माया बायकोचा भाऊ आहेस, तरी तोंड तिकडे कर." मी भिंतीकडे तोंड करून तासभर कॅलेंडरवरच्या एकादश्या वाचत होतो. त्यांनी एकेक शब्द शाईनं कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला, पिन घातला. मग ॲपमधून अगदी चिमूटभर बिटकॉइन पाठवून पाहिलं. पोचलं. आता, भाची भाऊजींच्या फोनवर म्हणाली, यंत्रातलं सगळं एकदा पुसून कागदावरच्या शब्दांनी पुन्हा चालू करून बघा. कागद बरोबर आहे हे कळलं की मगच बाकीचं पाठवा.

इथं भाऊजी थांबले. "हे मी एकटा नाही करत. उद्या मी नसलो तर तुले जमलं पाहिजे."

"तो फोन पे बता दो ना, बाबा."

"फोनवर मी शब्द सांगत नाही. तू ये."

"छुट्टी नहीं मिलेगी, बाबा."

"मिळन तवा ये. शब्द कुठी पळून नाही राहिले."

ताईच्या तेराव्यानंतर ती रायपूरला आलीच नव्हती. या घरात पाऊल टाकवत नाही, असं मला एकदा म्हणाली होती. पण हिवाळ्यात ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक टेबलाशी बसली आणि माझी रवानगी स्वयंपाकघरात झाली. भाऊजी शाळेत श्रुतलेखन घालावं तसे एकेक शब्द अक्षरं फोडून सांगत होते. ती यंत्राची बटणं दाबत होती, मधेच त्यांचा उच्चार सुधारत होती, आणि दोघं हसत होती. त्या घरात असं हसू मी फार दिवसांनी ऐकलं. कानावर पडलेले शब्द मात्र सांगणार नाही. भाऊजींना कळलं तर सारं पहिल्यापासून करतील.

मी चहा गाळून दाराशी आलो तेव्हा तेवीस शब्द झाले होते. भाऊजींनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. तिकडे भाजी ताजी मिळते का, विचारलं. थंडीत कान बांधतेस का, विचारलं. चोविसावा शब्द काही ते सांगेनात.

"आगे, बाबा?"

"मधला एखादा चुकला असन तर?" ते कागदाकडे पाहत म्हणाले. "एकदा पहिल्यापासून घेऊ."

काहीही चुकलं नव्हतं, हे तिलाही दिसत होतं. तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, यंत्र बंद केलं आणि खुर्ची थोडी त्यांच्याकडे ओढली. "हाँ बाबा, पहले से पढ़ो."

मी गाळलेला चहा पुन्हा पातेल्यात ओतला आणि गॅस अगदी बारीक करून ठेवला.