खवल्या मांजराचं पिल्लू

१९८४च्या पावसाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता, वहिनीची कूस. आईने जाहीर करून टाकलं होतं की दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर सुनेला रामपायलीला माहेरी पोचवायचं आणि दादासाठी दुसरी बघायची. दादा ऑफिसात मोठा तोंडाळ, पण आईपुढे मिठाची गुळणी. दोघांनी मिळून डॉक्टरकडे जा, असं मी एकदा सुचवलं तर त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं.

आमचं घर मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या अगदी टोकाला. परसामागे जंगल सुरू होई आणि तिथेच एक मोठं वारूळ होतं. वहिनीने रोज त्याला दूध वाहायचं, नागोबा प्रसन्न झाला की मूल होईल, हा आईचा हुकूम. वारूळ बांधते वाळवी, नाग राहिलाच तर भाडेकरू. पण आईला हे सांगणार कोण?

मी सोबतीला जायची. एका तिन्हीसांजेला तिथे खवल्या मांजर आलं. मागच्या दोन पायांवर, शेपटीने तोल सांभाळत, पुढचे पंजे छातीशी धरून. वास घेत थांबलं आणि नखांनी ती दगडासारखी माती उकरू लागलं. मग भोकात जीभ घातली. दोरीसारखी लांब जीभ, बाहेर येताना वाळवीने भरलेली. दात नसतातच त्याला, सगळं काम जिभेचं. शेपटीच्या बुडाशी एक फिकट पिल्लू घट्ट चिकटलं होतं. आई चालेल तिकडे तेही चाललेलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसली. आमच्या घरात तिला असं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. पुढे पूजा आटोपली तरी ती तिथेच बसून राही. दिवसभर ती मायलेकरं ओढ्याकाठच्या बिळात, तोंड आतून मातीने बुजवून झोपलेली असत. अंधार पडू लागला की बाहेर.

नागपंचमीला आई स्वतः पूजेला आली आणि तिला वारूळ फुटलेलं दिसलं. देवाने सून नाकारली, असा अर्थ तिने तिथल्या तिथे काढला. मी जनावराचं सांगितलं.

"इतकी वारुळं सोडून त्यानं हिचंच काहून फोडलं?" आई म्हणाली.

तिथे वाळवी जास्त होती म्हणून. पण हे उत्तर तिला नकोच होतं. शेजारच्या काकूंनी वर तोडगा सुचवला, की त्याच जनावराचा खवला बाईच्या कमरेला बांधला तर कूस उजवते. डॉक्टरसाठी ज्याला कधी वेळ मिळाला नाही, त्या दादाला यासाठी मिळाला. नागपंचमीला जमीन खणत नाहीत, म्हणून त्याने बीळ दुसऱ्या दिवशी खणलं. एवढा धर्म पाळला.

जनावर पळालं नाही की चावलं नाही. अंगाचा गोळा करून बसलं. त्या गोळ्यापुढे वाघही हात टेकतो म्हणतात. दादाजवळ सब्बल होती, लोखंडी पहार. गोळा उलगडला तेव्हा पोटाशी पिल्लू निघालं, तेही मेलेलं. हे त्याने चहा पिता पिता सांगितलं.

आईने खवल्याला भोक पाडून काळा दोरा ओवला. वहिनीने तो हातात घेतला नाही.

"आई, थे पिलाले पोटाशी धरून मेली. तिच्या जिवावर मले लेकरू नाही पाह्यजे." मग दादाकडे वळून म्हणाली, "तुम्ही डॉक्टरकडे येता का?"

दादाने उरलेला चहा बशीत ओतला. वहिनीने आत जाऊन ट्रंक भरली. रामपायलीच्या बसपर्यंत तिला पोचवायला मीच गेले. मला संताप आला होता, आणि तो आजही गेलेला नाही.

परत आले तेव्हा आई खवला रिठ्याच्या पाण्याने धूत होती. पुसून तिने तो देव्हाऱ्यात ठेवला. दुसरी येईल, तिच्यासाठी.