मुक्या पोरीचं नाटक बसवणाऱ्या बाई

अख्ख्या देवासमध्ये माझ्याइतका सुरात गाणारा सोफा-कारागीर दुसरा नाही. बाई म्हणायच्या, "दुसरा नाहीच. बाकीचे बिचारे गातच नाहीत."

बाई म्हणजे आमच्या गल्लीतल्या पेटीवाल्या बाई. शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्याकडे कसलंही रडगाणं घेऊन जा, त्यांचा हात पेटीच्या भात्यावरून हलायचा नाही. मान तिरकी करून सगळं ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता हेच गाऊन सांग." गाडी पंक्चर झाली, गाऊन सांग. बायको रुसली, गाऊन सांग. मी एकदा दाढदुखी गाऊन सांगितली. दाढ दुखायची तशीच राहिली, पण शेजारचे धावत आले, कोण गेलं विचारायला.

मी नट झालो तो सोफ्यामुळे. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये स्टेजवरचा सोफा ठोकायला गेलो होतो. सेक्रेटरी म्हणे हिरवं कापड लाव, मी म्हटलं, "भिया, लाल उरलंय, लालच लागेल. हिरवं पाहिजे तर डोळे मिटून बस." मागून बाईंचा आवाज आला, "हाच! हाच माझा डॉक्टर!" मला वाटलं बाईंना चक्कर आली.

तर ते नाटक असं. तिकडे फ्रान्समध्ये एक जुनं हसायचं नाटक आहे. पुढे तिकडच्याच कुणी चाली लावून त्याचं गाण्याचं नाटक केलं. बाईंच्या भाच्याने ते मोबाइलवर दाखवलं, गोष्ट समजावली, आणि बाईंची झोप उडाली. एक बेधडक थापा मारणारा लाकूडतोड्या असतो, त्याला लोक ठोकून ठोकून डॉक्टर करतात. का, तर एका श्रीमंताची पोरगी मुकी झालीय. खरं तर पोरीला काही झालेलं नाही. बाप भलत्याशी लग्न लावतोय म्हणून ती तोंड मिटून बसलीय. बाईंनी त्याला मराठी बोल घातले, आणि चाली अर्ध्या जुन्या नाट्यपदांच्या, अर्ध्या आमच्या माळव्यातल्या लग्नातल्या.

आमच्यातल्या नव्या पोरांना मराठी बोलता येते, वाचताना गाडी रुतते. मला तर काहीच वाचता येत नाही, म्हणून मी सगळ्यांच्या बरोबरीचा झालो. बाई एकेक ओळ गायच्या, आम्ही मागून म्हणायचो. गणपतीत देवासला आणि नवरात्रात धारला करायचं ठरलं. धार बाईंचं माहेर. त्यानंतर त्या मुलाकडे पुण्याला जाणार, कायमच्या. "एकदा माहेरच्या माणसांना माझं काम दाखवते, मग मला कुठेही न्या," एवढंच त्यांचं मागणं होतं.

मंडळाने आधी दारूच्या बाटलीला हरकत घेतली. लाकूडतोड्या बाटलीशी बोलत गातो, ते गणपतीसमोर कसं चालेल? बाई म्हणाल्या, बरं, ताकाचा लोटा करू. मी ताक पिऊन झिंगायला शिकलो. मला सोपं गेलं.

मग खरी कटकट आली. मुक्या पोरीचं काम करणार होती मंडळाच्या अध्यक्षसाहेबांची सूनबाई. सगळ्यांत गोड गळा तिचा, म्हणून बाईंनी तिला शेवटपर्यंत गप्प ठेवली होती. शेवटी ती तोंड उघडते आणि मग थांबतच नाही. हे कळल्यावर अध्यक्षसाहेब तालमीतच येऊन उभे राहिले.

"आमच्या सूनबाईला मुकी केली? इंदूरहून सगळे व्याही येणार! तिला सुरुवातीलाच एक गाणं द्या."

"ती सुरुवातीलाच गायली तर डॉक्टर कशाला बोलवायचा?" बाई म्हणाल्या.

"मग डॉक्टर काढून टाका!"

माझी सटकली. साहेब, ताक पिऊन पिऊन माझं पोट बिघडलंय आणि आता मला काढता? हे मी म्हणणार, तेवढ्यात बाईंनी शांतपणे भाता ओढला.

"बरं. आता हेच गाऊन सांगा."

सगळा हॉल हसला. साहेब हसले नाहीत. ज्याला सगळे वाकून बोलतात, त्याला असं हसणं पचत नाही, हे तुम्हीही आपापल्या गावात पाहिलं असेल.

नाटकाच्या दिवशी साहेबांनी परस्पर माइकवर सांगून टाकलं की सुरुवातीला सूनबाई गाणार. कुठल्याशा भक्तिगीताचं नुसतं संगीत स्पीकरवर सुरू झालं. सूनबाई मधोमध आली, उभी राहिली. संगीत पुढे चाललंय आणि हिचं तोंड बंद. लोक ओरडले, माइक, माइक! साहेब विंगेतून बाहेर आले, "अगं गा ना! काय झालं तुला? बोल तरी!" तिने नुसता गळ्यावर हात ठेवला. साहेब केस ओढायला लागले, "अरे कुणीतरी बघा हिला!" आणि लोक हसून हसून खाली बसले. त्यांना वाटलं बाप झालेला हा नट काय भारी आहे! मी डॉक्टर म्हणून आत गेलो तेव्हा साहेबांनी माझा हात खरोखरच धरला. शेवटी सूनबाई गायली, तेव्हा बाई पेटी वाजवत होत्या आणि डोळे पदराला पुसायला हात मोकळा नव्हता.

आता पुढचं ऐका आणि मला सांगा, ही माणुसकी आहे का? दुसऱ्या दिवशी मंडळाने बाईंना निरोप दिला, धारचं रद्द. आम्हालाही तेच सांगितलं. बाईंचा मुलगा आला, सामान बांधलं, पेटीसुद्धा पुण्याला गेली. आणि मग नवरात्रात निरोप, बस तयार आहे, धारला चला! मी बसमधून बाईंना फोन लावला. कळल्यावर त्या "बरं" म्हणाल्या. पुढचं काही म्हणाल्या नाहीत.

धारला पेटीच्या जागी स्पीकर होता. नाटक संपल्यावर साहेबांना शाल घातली, आणि सांगितलं की कल्पनाही त्यांची, संगीतही त्यांचंच. संगीत! ज्या माणसाला आरतीत टाळ्यांचाही ताल धरता येत नाही, त्याचं! बाईंच्या माहेरात, बाईंच्या माणसांसमोर!

मी डॉक्टरच्या कोटातच माइक ओढला. म्हटलं, ही चोरी आहे! हे नाटक आमच्या बाईंचं आहे! त्यांनी आम्हाला ओळ न् ओळ भरवली! अर्धी मिशी सुटून ओठावर लोंबत होती. लोकांना वाटलं नाटक अजून चालूच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, पुढच्या रांगेतून कुणी "वन्स मोर" म्हणालं.

परतीच्या बसमध्ये साहेब पुढे झोपले होते. मी सूनबाईला म्हटलं, "हसले तर हसले. पण आज बाईंसाठी बोलणारा मी एकटाच निघालो की नाही?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"बोललात ना भिया, खूप बोललात. पण आमच्या बाई, आमच्या बाई. धारमध्ये काय एकच बाई आहे? त्यांचं नाव कुठे घेतलं तुम्ही?"