शेवटच्या रांगेतले कानसेन

पुण्यात गाणं ऐकायला येणाऱ्या माणसाला पुढची खुर्ची हवी असते. त्यासाठी लोक तासभर आधी येऊन खुर्च्यांवर रुमाल, पिशव्या, चष्म्याची घरं, प्रसंगी सासूबाईसुद्धा ठेवतात. आमचे घरमालक मात्र हॉल रिकामा असला तरी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसत. कुणी "पुढे या की" म्हटलं तर म्हणत, "सूर मागच्या भिंतीला टेकून परत येतो तेव्हा पिकलेला असतो. कच्चं ऐकायचं असेल त्यांनी पुढे बसावं." कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांना पाठीमागे कानसेन म्हणत. समोर कुणी काहीच म्हणत नसे, कारण समोर बोलायची सोय त्यांनी ठेवलेली नव्हती.

मी अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आलो, तेव्हा त्यांच्या शेजारचा त्यांचाच एका खोलीचा फ्लॅट बघायला गेलो होतो. बाकीचे घरमालक "काय करता?" विचारत. यांनी विचारलं, "काय ऐकता?"

"सगळंच ऐकतो न काका."

"म्हणजे काहीच ऐकत नाही," ते म्हणाले आणि आत वळून काकूंना सांगितलं, "अगं, चहा टाक. मुलगा प्रामाणिक आहे."

खोलीच्या दाराला आतून एक टाइप केलेला कागद चिकटवलेला होता. भिंतीला खिळे ठोकू नयेत. स्पीकरवर गाणी लावू नयेत. गुणगुणू नये. गुणगुणायचेच असल्यास सुरात गुणगुणावे. मी तिथे सहा वर्षं राहिलो आणि अंघोळही तोंड मिटून केली.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं. "तुमच्या अकोल्याला गाणं असतं का हो?" मी म्हटलं, असतं की, गणपतीत तर दहा दिवस असतं. "तो आवाज झाला. गाण्याबद्दल विचारतोय," असं म्हणून त्यांनी माझं शिक्षण हाती घेतलं. मी विचारलं नव्हतं, पण पुण्यात शिकवण्यासाठी समोरच्याने विचारावं लागत नाही. दर शनिवारी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून गाणं ऐकायला जाऊ लागलो. मला त्यांचा राग यायचा, आणि शनिवार आला की मीच आधी चपला घालून दारात उभा असायचो.

या शहरात रोज संध्याकाळी कुठे ना कुठे कुणी तरी गात असतं आणि त्याच हॉलमध्ये कुणी तरी "आता पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणत असतं. काका दोन्हीकडे लक्ष ठेवून असत. गायकाचा निकाल नंतर, आधी जागेचा. पेठेतला पहिल्या मजल्यावरचा छोटा हॉल म्हणजे "जागा सुरेल, पण पंखे तालात नाहीत." एका शाळेचं सभागृह म्हणजे "बाकं पाचवीच्या मापाची, म्हणून श्रोतेही त्याच इयत्तेचे." नदीपलीकडच्या नव्या वातानुकूलित नाट्यगृहाबद्दल ते म्हणत, "तिथे एसीचा खर्ज चांगला लागतो, गायकांनी शिकण्यासारखा आहे." खडकीला फॅक्टरीतल्या निवृत्त कामगारांचं भजन ऐकायला आम्ही एकदा गेलो. परत येताना त्यांनी सिग्नलला स्कूटर थांबवली. मग म्हणाले, "सुरात नाहीत, पण वेळेवर संपवतात. हा गुण मोठमोठ्यांत नाही." माझ्या आठवणीत त्यांनी कुणाचं केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक.

माइकचा त्यांना मनापासून तिटकारा. "माइक म्हणजे आवाजाच्या हातात दिलेली काठी," ते म्हणत. "ज्याला धड चालता येतं त्याने ती कशाला धरावी?" मध्यंतरात सगळा हॉल बटाटेवड्याकडे धावे, तेव्हा काका खिशातून पेन काढून आयोजकांना चिठ्ठी लिहीत. "तंबोरे ऐकू येत नाहीत. निवेदिका मात्र स्पष्ट ऐकू येतात. उलट झाले असते तर बरे." ही चिठ्ठी नेऊन देण्याचं काम माझं. चिठ्ठी वाचणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत उभं राहणं हा माझ्या शिक्षणाचा भाग असावा.

एकदा मीच हट्ट करून त्यांना बाणेरच्या एका कॅफेत नेलं. तिथे शनिवारी दुपारी बँड वाजवायचे आणि लोक ते ऐकत पिझ्झा खायचे. काका मागच्या भिंतीशी गेले. तिथे कॉफीचं मशीन होतं. ते त्याला पाठ लावून बसले. गिटारवाला मुलगा म्हणाला, "हाय गाइज, आज आपण थोडं एक्सपेरिमेंटल ट्राय करणार आहोत." काका माझ्या कानाशी म्हणाले, "प्रयोग करण्यापूर्वी उंदरांना विचारतात का?" कार्यक्रम संपल्यावर त्यांनी त्या मुलाला गाठून अत्यंत सौजन्याने विचारलं, "आपण वाद्य लावून मग वाजवायला सुरुवात केलीत, की वाजवता वाजवता लावत होतात?" तो मुलगा भारावून "थँक यू सो मच सर" म्हणाला. परतताना काका स्कूटरवर हसत होते आणि त्या दिवसापासून त्यांनी मला अहोजाहो करणं सोडलं.

तिसऱ्या वर्षी एका कार्यक्रमाला ते मधल्या रांगेत बसले. मी विचारलं, तर म्हणाले, "इथले पडदे बदललेत. सूर आता मधेच पडतो." सहा महिन्यांनी आम्ही चौथ्या रांगेत होतो. मग एकदा थेट पहिल्या. "गायकाचा श्वास ऐकल्याशिवाय गाणं कळत नाही," त्यांनी मला बजावलं. भिंतीवर पिकणाऱ्या सुराचं काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. एव्हाना माझ्याही पिशव्या खुर्च्यांवर पडू लागल्या होत्या. चिठ्ठ्या मात्र वाढल्या. तंबोरे, तंबोरे आणि तंबोरे. एकदा ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या माणसाने माझ्या हातातली चिठ्ठी न वाचताच समोरच्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "दादा, हे तंबोऱ्याचं बटण. याच्या वर आता फक्त छप्पर आहे. काकांना सांगा." मी काकांना सांगितलं नाही. मला वाटलं, हाही माणूस काकांच्या त्या पाचवीच्या इयत्तेतलाच.

मग धायरी झाली. माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या भावकीचं तिथे भजन होतं, देवळापुढे मांडव घालून. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच स्पीकरच्या भिंती रचलेल्या. पहिल्या चार रांगा रिकाम्या होत्या आणि का, ते उघडच होतं. मित्राचे चुलते आम्हाला म्हणाले, "बसा की पाव्हणं, म्होरं जागा लई हाय." पखवाजावर थाप पडली आणि माझ्या बरगड्या हलल्या. मी दोन्ही कानांत बोटं घातली. शेजारी काका डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर इतकं समाधान मी कुठल्याच हॉलमध्ये पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बघ, याला म्हणतात स्वच्छ आवाज. वीणेची तार न् तार ऐकू येतेय. कोण आहे रे माइकवाला?"

मला आधी हसू आलं. मग तीन वर्षांतल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम आठवल्या. पुण्यातले सगळे तंबोरे जागेवर होते. गेले होते ते काकांचे कान, आणि त्या कानांखेरीज या माणसाने आयुष्यात दुसरं काही कमावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी काकूंना चाचरत सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. "तुला आत्ता कळलं होय?" त्या म्हणाल्या. "अरे, त्यांना दोन वर्षं कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. परवा म्हणाले, हल्लीचे कुकर खालच्या पट्टीतले असतात." कानाला यंत्र लावायचं सुचवलं का, असं मी विचारलं. "सुचवलं. म्हणाले, आयुष्यभर माइकला काठी म्हटलं, आता तीच काठी कानात घालून हॉलमध्ये बसू? लोक काय म्हणतील?" काकूंनी मान हलवली. "लोकांना काय पडलंय? पण याच लोकांना यांनी चाळीस वर्षं चिठ्ठ्या लिहिल्यात ना."

शेवटी काकू त्यांना घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला, तेव्हा काका म्हणाले, "आरोह कुठेच दिसत नाही." यंत्र आलं. एका रविवारी सकाळच्या मैफलीला आम्ही दोघं गेलो. काकांनी कानावरून मफलर गुंडाळला होता, एप्रिल महिन्यात. गायक तोडी गात होते. दहा मिनिटांनी काका उठले आणि सरळ बाहेर पडले. मी मागोमाग गेलो. पार्किंगमध्ये स्कूटरला हात टेकून ते उभे होते. यंत्र मुठीत होतं.

"सगळे पत्र्याच्या डब्यात बसून गातायत," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोच नव्हती. खोच नसलेले काका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि मला ते बघवले नाहीत.

यंत्र बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं, गाणं त्यातून धड येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी आल्यावर काकांनी ते आम्हाला ऐकवलं. "बोलणं ऐकण्यासाठी आहे म्हणे. बोलणं ऐकायचं होतं कुणाला?" काकू समोरच उभ्या होत्या.

पुढचे तीन शनिवार ते घरातून हलले नाहीत. चौथ्या शनिवारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "तू जा. आणि उद्या येऊन सांग."

रविवारी सकाळी आठला मी त्यांच्याकडे गेलो. ते यंत्र लावून, चहाचा कप पुढे घेऊन बसले होते. मी म्हटलं, "छान झालं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला दारावरचा तो कागद आठवला. "काय गायले? विलंबित किती वेळ? तबलजी संयमाने वाजवत होता की त्याला घरी जायची घाई होती? गायिका पंचमावर किती थांबली?" मी म्हटलं, "गर्दी बरीच होती." "म्हणजे तिकीट काढून झोपायला गेला होतास," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी मी वही घेऊन गेलो. हळूहळू वहीची गरज उरली नाही. तीन वर्षं त्यांच्या शेजारी बसून जे मला आलं नव्हतं, ते त्यांना सांगायचंय या धाकाने आलं. मी ऐकायला शिकलो. आठवडाभर ते माझी मतं सोसायटीत आपली म्हणून खपवत. मला त्याचा अभिमान वाटे.

एका शनिवारी ऑफिसात काम निघालं आणि मी अडकलो. काका आठवडाभर त्या मैफलीची वाट बघत होते. गायक त्यांचे आवडते, म्हणजे ज्यांना ते सगळ्यात जास्त नावं ठेवत त्यांच्यापैकी. गेलो नाही असं सांगायला माझी जीभ रेटेना. रविवारी सकाळी मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळी मैफल रचून सांगितली. पूरिया धनाश्री गायली म्हटलं. विलंबित पन्नास मिनिटं चालवलं. पेटीवाल्याला जरा आवरलं. मध्ये एकाचा मोबाइल वाजला आणि बुवा थांबून त्याच्याकडे बघत राहिले, असंही घातलं. शेवटी भैरवी म्हणून हॉलच्या डोळ्यांत पाणी आणलं. काका डोळे मिटून ऐकत होते. मधून मधून विचारत होते, "निषादाला कसे गेले?" आणि मी सांगत होतो. तासभर हे चाललं. काकूंनी दुसरा चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

सगळं ऐकून झाल्यावर काकांनी मांडीवरचा पेपर माझ्यापुढे सरकवला. आतल्या पानावर छोटी बातमी होती. गायकांचा घसा बसल्यामुळे कालची मैफल ऐन वेळी रद्द झाली होती. त्यांनी ती सकाळी सहालाच वाचली असणार, कारण पेपर ते जाहिरातींसकट वाचत. मी बातमी दोनदा वाचली. मी काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"विलंबित फार लांबवलंस," काका म्हणाले. "पुढच्या वेळी द्रुत जरा आधी घे."

त्यानंतर ते पावणेदोन वर्षं होते. त्या काळात मी एकही शनिवार चुकवला नाही. आता मी धायरीला राहतो. काकू मुलीकडे गेल्या. अजूनही मी गाण्याला जातो आणि पहिल्या आलापापासून मनात जुळवू लागतो, हे असं सांगायचं, ते तसं सांगायचं, तबल्याचं शेवटी सांगायचं. मध्यंतर होऊन दिवे लागतात, लोक वड्यांकडे धावतात, आणि तेव्हा कुठे मला आठवतं की उद्या सकाळी सांगायचं कुणालाच नाही.