बगळ्याची मडकी

पे गावची हेनुत मडकी झकास घडवायची आणि तोंडाने फटकळ होती. दक्षिणेच्या राजाने नदीच्या मुखाकडचा सगळा मुलूख जिंकला, त्यात पेही आलं, तेव्हा "जिंकू दे, जवाची दारू प्यायला त्यालाही मडकंच लागणार," असं म्हणून ती परत माती तुडवायला लागली.

झालंही तसंच. राजाचा कारभारी खेनी येऊन शंभर मडकी सांगून गेला. दलदलीतल्या गावांनी राजाच्या वाट्याची दारू त्यांत भरून द्यायची होती.

"ओल्या मातीवर खूण कोर. राजाचा वाडा आणि वर पक्षी. चुकलीस तर तुझा मडकी भाजायचा आवा फोडतो!"

कुठला पक्षी, ते काही त्याने सांगितलं नाही. त्याच्या गावी सगळ्यांना एकच पक्षी सुचला असता. पे गावातही एकच, पण वेगळा: तिथला देव बगळा. हेनुतने शंभर बगळे कोरले आणि मडकी भाजून टाकली.

पौर्णिमेला खेनी माणसं घेऊन आला आणि पाहतच राहिला.

"ए बाई, हा कोण?"

"देव."

"आमचा राजा ससाणा आहे, ससाणा! तू त्याला चिखलात मासे धरायला उभा केलास!"

"मग तसं बोलायचं होतं, कारभारी. जीभ काय भाड्याने दिली होती?"

"फोडा रे तिचा आवा!" खेनी ओरडला. मग त्याने स्वतःच माणसांना थांबवलं आणि तिथेच मटकन बसला. "आधीच ती दलदलीतली माणसं ससाण्याची मडकी पाण्यात फेकतात. रिकामी होडी घेऊन गेलो तर माझीच मान जाईल."

हेनुतने एक मडकं उचलून त्याच्यापुढे ठेवलं. "बगळा कोण पाण्यात फेकेल? दहा पाठवून बघा. तोवर आव्याला हात लावाल तर खबरदार!"

तिसऱ्या दिवशी दहाही मडकी काठोकाठ भरून आली.

"पण राजा हे बगळ्याचे लांब पाय बघेल ना," खेनी कुरकुरला.

"तोंडाला मातीचं बूच बसवता, त्यावर तुमचा शिक्का मारता ना? त्यात कोण आहे?"

"ससाणा."

"मग तो वर, आमचा खाली. राजा बूच बघेल, पोटाकडे कोण बघतो?"

खेनीने आणखी दोनशे मडकी सांगितली. बगळ्याचीच. आणि जाताना हळूच म्हणाला, "त्याची मान जरा आखूड कर, बाई. लांबून ससाणा वाटेल."

"बघते," हेनुत म्हणाली आणि माती तुडवायला गेली. मान तिने तसूभरही कमी केली नाही.