गरम झाल्यावर रेस चढते

कालिचाला ट्रक चालवता येतो, ही गोष्ट सासरी पहिली पाच वर्षं कुणाला ठाऊकच नव्हती. वडील सामुदायिक शेतीच्या गॅरेजात मेकॅनिक. त्यांच्या मांडीवर बसून ती अकराव्या वर्षी स्टिअरिंग धरायला शिकली होती. पण नव्या सुनेनं असलं काही बोलून दाखवायचं नसतं, म्हणून तिनं दूध काढलं, लोकर धुतली, चहा ओतला आणि तोंड मिटून ठेवलं. मग एकदा गवत भरलेली गाडी कुरणावर अडकली, नवरा ओरोझ तापानं फणफणलेला, आणि हिनं पदर खोचल्यासारख्या दोन्ही बाह्या वर सारून गाडी सरळ खाली आणून उभी केली. ओरोझ त्या तापातही पोट धरून हसला होता. तेव्हापासून चढावर कालिचा गाडी हाकायची आणि तो शेजारी बसून घोरायचा. गावानं यथेच्छ टिंगल केली, त्याला काही फरक पडला नाही.

उतार मात्र तो स्वतः उतरवायचा. काराकिया खिंडीपलीकडचा उतार कुणाच्या हाती द्यावा असा नाहीच. आणि त्याच उतारावर गेल्या शरदात तो गेला. गाडी चौथ्या वळणावरून ओढ्यात उतरली, तो बाहेर फेकला गेला. आदल्या दिवशी तो एका सुंतेच्या जेवणाला जाऊन आला होता आणि केबिनमध्ये फुटलेली व्होडकाची बाटली सापडली. लोकांना एवढं पुरलं. मोठे दीर साबिर यांनी मयतीच्या चहावरच सांगून टाकलं, "पिऊन मेला. बाकी काही शोधायला नको." सासू तोक्तोबुबूनंही तेच मानलं, आणि खरं सांगायचं तर कालिचानंही मानलं. विधवेनं तंबूत पाठमोरं बसून नवऱ्याचे गुण गाऊन रडायचं असतं. ही दोन ओळी गायली आणि रागानं तिचा आवाजच बंद झाला. तेवढं गाणं त्याच्या वाटचं राहून गेलं.

आता पुन्हा ऑक्टोबर आला होता. साबिर मेंढ्या घेऊन तीन दिवसांपूर्वीच खिंड ओलांडून गेले होते. जाताना म्हणाले, "तंबू आणि म्हातारीला गाडीत घालून परवा निघ. खाली गावाच्या वेशीवर मी उभा असेन. उतारावर पहिला गिअर, आणि देवाचं नाव." कुरणावरची बाकी बिऱ्हाडं आधीच उतरली होती. परवाचा दिवस येऊन गेला तरी कालिचा तिथेच होती, कारण गाडी. तीच गाडी, ओढ्यातून ओढून काढून पत्रा ठोकून घेतलेली.

तंबू कधीचा सोडून, गुंडाळून गाडीत चढवला होता. सासू केबिनमध्ये रजयांत होती. हिवाळ्यात मोडलेला तिचा खुबा नीट जुळलाच नव्हता, त्यामुळे घोड्यावर बसणं कायमचं संपलेलं. त्यात चार दिवस ताप, आणि कालपासून श्वासाबरोबर छातीत घरघर. उत्तरेकडचं आभाळ राखेच्या रंगाचं झालं होतं. एकदा बर्फ धरला की काराकिया मे महिन्याशिवाय उघडत नाही, आणि ही छाती दोन रात्रीसुद्धा काढेल की नाही कोण जाणे.

गाडीचा आजार तरी कसला चमत्कारिक! सकाळी गार इंजिन, चोक ओढायचा, दांडी परत आत सरकू नये म्हणून तिला कपड्याचा चिमटा लावायचा, हँडल मारायचं, की दुसऱ्या फटक्याला चालू. शहाण्या पोरासारखी गुरगुरायची. दहा-बारा मिनिटं गेली, इंजिन तापलं, चोक आत ढकलला, की रेस आपोआप चढायला लागायची. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तरी इंजिन बोंबलतंय. अशी गाडी उतारावर मागे धरत नाही, पुढे ढकलते. काल ती खिंडीच्या माथ्यापर्यंत जाऊन आली होती. माथ्यावर ब्रेक दाबला तर तो लाकडासारखा घट्ट, आणि गाडी तरी सरकतेच आहे. तिथूनच कशीबशी वळवून ती मागे आली आणि अर्धा तास पायरीवर बसून राहिली. वसंतात वर येताना हे कळलंच नव्हतं. चढावर रेस कुणाला जास्त होते?

आज पहाटेपासून तिनं एकेक तपासलं. चोकची तार काढली, तेल लावलं, झाकण पूर्ण उघडतंय हे डोळ्यांनी पाहिलं. ॲक्सिलरेटरची स्प्रिंग बदलून खोगिराच्या पट्ट्याची ताठ स्प्रिंग लावली. इंजिन हळू फिरतं ठेवणारा स्लोचा स्क्रू अख्खा मागे फिरवला. गार असताना इंजिन त्यानं बंदच पडायचं, आणि तापल्यावर पुन्हा तेच बोंबलणं.

"अगं, सगळं बघितलंस ना?" सासूनं काचेतून विचारलं आणि खोकत राहिली.

"बघतेय, एने. तुम्ही बोलू नका."

"कार्ब्युरेटरच्या बुडाशी मी कापून दिलेलं पॅकिंग आहे. त्याला हात लावू नकोस. ते सोडून बाकीचं बघ."

हे पॅकिंग म्हणजे म्हातारीचा अभिमान. गेल्या शरदात, इथेच, ओरोझनं सफाईसाठी कार्ब्युरेटर उतरवला आणि बुडाखालचं जुनं पॅकिंग त्याच्या हातात तुकडे तुकडे होऊन आलं. सुटा भाग आणायला दोन दिवसांची वाट. तेव्हा म्हातारीनं तंबूवर घालायचा, आपल्या हातानं थापलेला लोकरीचा नमदा काढला, भोकं मोजून कापला, मेंढीच्या शेपटीच्या चरबीत मुरवला आणि दिला. "साठ वर्षं माझ्या नमद्यातून पावसाचा थेंब आत आला नाही, तिथे तुझी हवा काय येणार?" हे वाक्य तिनं वर्षभर प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं होतं. म्हणून कालिचानंही त्या जागेकडे पाहिलं नाही. सासूच्या नमद्यावर शंका घ्यायची तर त्या घरात राहायचं कसं?

दुपारी याक हाकत दुइशे अता आले. वरच्या कुरणावरून सगळ्यांत शेवटी निघालेले म्हातारे. तरुणपणी तेही गॅरेजात होते, आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं.

"काय सूनबाई, गाडीला न्हाऊ-माखू घालताय का? सगळं अंग उघडं टाकलंय बिचारीचं!"

"अता, थट्टा नको हो. एनेला खाली न्यायचंय. गरम झाली की रेस चढते. चोक बघितला, स्प्रिंग बघितली, स्क्रू बघितला."

दुइशेंनी केबिनमधली घरघर ऐकली आणि त्यांचा चेहरा बदलला. "गरम झाल्यावरच ना? गारीत नाही?"

"गारीत देवासारखी."

"मग ती कुठूनतरी चोरून हवा पितेय. साबणाचं पाणी कर. इंजिन बोंबलायला लागलं की कार्ब्युरेटरभोवती, एकेका जोडावर थोडं थोडं ओत. जिथे ओतल्यावर तिचा आवाज बसेल, तिथे चोर." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "मी थांबलो असतो गं, पण जनावरं पुढे गेलीत. साबिरला सांगतो, तो वर यायला निघेल."

"साबिर बायके घोड्यानं येतील. एनेला घोडा चालत नाही."

"तेही खरं." ते दोन पावलं गेले आणि मागे वळून म्हणाले, "ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला ओढ इंजिनच्या त्याच हवेच्या नळीतून मिळते, लक्षात आहे ना? हवा चोरली गेली की ब्रेक अर्धा मेला. अशी उतरू नकोस, पोरी. खरंच उतरू नकोस."

किटलीत साबणाचं पाणी करून तिनं इंजिन तापू दिलं. रेस चढली. तिनं वरच्या झाकणाभोवती ओतलं, काही नाही. नळीच्या जोडावर ओतलं, काही नाही. हिमाचे पहिले बारीक कण बॉनेटवर पडून विरघळत होते. शेवटी तिनं कार्ब्युरेटरच्या बुडाशी धार धरली, आणि इंजिन एकदम गप्प होऊन खोल गुरगुरायला लागलं. पाणी शोषलं गेलं, पुन्हा बोंब. पुन्हा धार, पुन्हा गप्प.

इंजिन बंद करून तिनं चारही नट सोडले. हात भाजत होते, ते कळलं नाही. कार्ब्युरेटर उचलला तर खाली नमदा, एका बाजूनं आतल्या आत ओढला जाऊन बोटभर खिंडार पडलेला. चरबी पातळ होऊन ओघळत होती. गारीत ही चरबी गोठून भिंतीसारखी बसायची. तापलं की वितळायची, आणि लोकरीतून हवा मोकाट आत.

ती तशीच मडगार्डवर ओणवी राहिली. मग एकेक गोष्ट जागेवर येऊन बसायला लागली आणि तिला ती थांबवता येईना. नमदा बसवल्याच्या तिसऱ्याच दिवशी ओरोझ निघाला होता. सकाळी गाडी सुरेख चालू झाली. खिंडीपर्यंत तापली. उतारावर रेस चढली, ब्रेक लाकूड झाला. तो चोकवर, गिअरवर, ब्रेकवर धडपडला असेल, एकटा. बाटली कुणीतरी भेट दिलेली असेल, फुटेपर्यंत बूच लावलेली. आणि तिनं त्याला दोन ओळींत उरकलं होतं. तिला मोठ्यानं रडावंसं वाटलं, पण केबिन तीन हातांवर होती, म्हणून तिनं बाही तोंडात कोंबली.

"सापडलं का गं?" केबिनमधून आवाज आला.

"सापडलं, एने."

"काय होतं?"

कालिचानं नमदा खिशात घातला. "चोकची तार अडकत होती."

बुटांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा तिनं दोन पदरी कापला आणि दोन्ही बाजूंनी कपड्याचा साबण घासघासून मुरवला. साबणाला पेट्रोल विरघळवत नाही, हे वडिलांचं शिक्षण. पुठ्ठा बसवला, नट आवळले, स्लोचा स्क्रू पुन्हा जागेवर आणला. हात पेट्रोलनं धुतले, मग साबणानं. इंजिन तापलं, वीस मिनिटं झाली, चोक आत, रेस जागेवर. ब्रेक दाबला तर पायाखाली मऊ, जिवंत. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली तेव्हा हिम चांगलंच धरायला लागलं होतं.

माथा ओलांडताना रस्ता पांढरा झाला होता. पहिला गिअर. गाडी म्हाताऱ्या बैलासारखी मागे रेटत, पाऊल पाऊल उतरत होती. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. सासूची घरघर आणि इंजिनची गुरगुर, एवढंच ऐकू येत होतं. चौथ्या वळणावर दगडांची रास आहे, तिला पांढरी चिंधी बांधलेली.

"थांब," सासू म्हणाली. "हात पसरू दे."

कालिचानं ब्रेक दाबला. त्या उतारावर, त्याच जागी, गाडी निमूट उभी राहिली. म्हातारीनं रजईतून हात काढून ओंजळ धरली आणि, वसंतात वर येताना पुटपुटली होती तसंच, प्रार्थनेआधी पुटपुटली, "दारूपायी गेलास रे. आईचा विचार केला नाहीस. बायकोचा केला नाहीस."

"नका म्हणू, एने!" कालिचाचा आवाज फाटला. "ते प्यायलेले नव्हते. गाडीनं दगा दिला. रेस चढली, ब्रेक गेला. आज तेच सापडलं मला. ते शुद्धीत होते, शेवटपर्यंत झगडले असतील."

म्हातारीनं कालिचाचा उजवा हात धरला आणि नाकाजवळ नेला. साठ वर्षं लोकर आणि चरबीत गेलेलं ते नाक.

"तारेला शेपटीची चरबी कोण लावतं, पोरी?"

कालिचानं मान खाली घातली.

"टाकलंस?"

"खिशात आहे."

"दे."

म्हातारीनं ते चरबीनं काळं झालेलं कातरण तळहातावर घेतलं, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकेका भोकावर थांबली. माप तिचंच होतं. काच खाली घ्यायला लावून ती त्या दगडांकडे वळली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं मुलाला शिवी दिली नाही.

"वर्षभर तुला बोल लावले, बाळा," ती म्हणाली. "वर्षभर."

तिनं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले, एका मुठीत नमदा तसाच. "ओमिन. चल, सूनबाई. हळू उतर. साबिरला मी स्वतः सांगणार आहे, तेवढं मला पोचव."

कालिचानं पहिला गिअर टाकला. उतार संपायला दोन तास लागले. वेशीवर साबिर घोडा धरून उभे होते. त्यांनी दार उघडलं तेव्हा म्हातारीचा श्वास चालू होता, पण बोलायची ताकद उरली नव्हती. तिनं साबिरांच्या हातात मूठ उघडून तो तुकडा ठेवला आणि कालिचाकडे पाहिलं. आता सांगायचं काम कालिचाचं होतं.