तलावाचे आमदार

माझे धाकटे दीर पहिल्यांदा आमदार झाले ते अगदी काठावर. मुंबईचं पहिलं अधिवेशन करून आले ते शहाणे होऊनच.

"वहिनी, तिथं सगळ्यावर बोलणाऱ्याचं कोनी ऐकत नाही. एक विषय धरा लागते."

"मंग कोनता धरला?"

"तलाव."

निवड वाईट नव्हती. भंडाऱ्याचा धान तलावांवर पिकतो, हे सगळ्याच आमदारांना माहीत. पाळ म्हणजे तलावाचा बांध कुठे खचतो, तुडूम म्हणजे पाणी सोडायचं दार का गळतं, हे माहीत असलेले भाऊजी एकटेच. मंत्रीसुद्धा त्यांना विचारतात, असं ते सांगत. मोहाडीच्या आमच्या घरी मात्र लोक येत ते बदलीसाठी, पोराच्या नोकरीसाठी, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन. चहा मी करायची, म्हणून मला कळायचं.

दुसऱ्या निवडणुकीआधीच्या उन्हाळ्यात जवळच्या गावी मोठ्या शेतकऱ्याकडे लग्न होतं. आमदार बसल्याशिवाय मानाची पंगत बसत नाही. वाटेत तलाव दिसला. "दोनच मिनिटं," म्हणून भाऊजी जीपमधून उतरले आणि तुडुमापाशी वाकून बसले. मी रेशमी लुगड्यात उकडत राहिले.

मांडवात पोचलो तेव्हा त्यांच्या पाटावर त्यांच्याच पक्षातले दुसरे एक गृहस्थ जेवत होते. हे कुठल्याही लग्नाला, कुठल्याही तेरवीला हजर असत. "तुमचा विषय कोणता?" असं कुणी विचारलं तर म्हणत, "तुमी सांगान तो."

नवरीचा बाप हात जोडून भाऊजींना म्हणाला, "साहेब, तलाव काई पळून जाऊन राहिला होता का? पोरीचं लगन एकदाच होते."

मांडव हसला. भाऊजींनी चिखलाच्या हातांनी नवरदेवाच्या बापाला तुडूम समजावून सांगायला घेतलं.

निवडणुकीत पक्षाचं तिकीट भाऊजींऐवजी त्या गृहस्थांना मिळालं. गावोगाव ते एवढंच म्हणाले, "तलावाचं होऊन जाईन." आणि निवडून आले. एकच विषय धरायचा तर आधी मतदारसंघ पक्का लागतो, हे मुंबईत भाऊजींना कुणी सांगितलं नव्हतं.

निकालाच्या संध्याकाळी घर रिकामं होतं. चहालाही कुणी नाही.

"वहिनी, माहं चुकलं काय?"

"पान्याचं काईच नाही चुकलं, भाऊजी. जेवाले उशीर केला."

ते म्हणाले, "पन तुडूम गळतच होतं ना!"

मी पान वाढलं. त्या दिवशी भाऊजी वेळेवर जेवले.